अमेरिकेची म्हातारी होत चाललेली अण्वस्त्रं आणि त्यांचं नूतनीकरण

शमीवृक्ष

अण्वस्त्रांचा विषय निघाला की गप्पा लगेच आकड्यांवर जातात, रशियाकडे किती, अमेरिकेकडे किती, पृथ्वी किती वेळा बेचिराख होईल वगैरे. मला या धाग्यात जरा वेगळं बोलायचंय. अमेरिकेची अण्वस्त्रं आणि ती वाहून नेणारी क्षेपणास्त्रं, पाणबुड्या, विमानं ही जवळपास सगळी एकाच काळात म्हातारी झालीयेत, त्यामुळे सगळीच एकदम बदलायला काढलीयेत, आणि बदलायला घेतल्यावर असं दिसतंय की पैसा मंजूर होतो पण ही वस्तू बनवायचं कसब बऱ्याच ठिकाणी हातातून गेलंय. माझं मत आधीच सांगून टाकतो, यातली जमिनीवरची क्षेपणास्त्रं नव्याने बनवू नयेत असं मला मनापासून वाटतं. पटत नसेल त्यांनी जरूर वाद घालावा, त्यासाठीच धागा काढलाय.

आधी साठा किती ते. अमेरिकन सरकारने स्वतः जाहीर केलेला सप्टेंबर २०२३ चा आकडा ३,७४८ वॉरहेड्सचा (वॉरहेड म्हणजे प्रत्यक्ष फुटणारा अणुबॉम्बचा भाग) आहे. १९६७ साली हाच आकडा ३१,२५५ होता, म्हणजे शीतयुद्धाच्या शिखरापासून फार मोठी घट झाली. या साडेतीन-पावणेचार हजारांतली साधारण सतराशे प्रत्यक्ष क्षेपणास्त्रांवर किंवा हवाई तळांवर तैनात असतात, बाकीची कोठारात राखीव. निवृत्त होऊन भाग सुटे केले जायची वाट बघत असलेली वेगळी, ती टेक्सासमध्ये अमारिलोजवळ पँटेक्स नावाचा कारखाना आहे तिथे एकेक करून उघडली जातात.

वाहून नेण्याचे तीन मार्ग, त्यालाच ट्रायड म्हणतात. जमिनीतले आयसीबीएम (दुसऱ्या खंडापर्यंत जाणारी क्षेपणास्त्रं), समुद्रातल्या पाणबुड्या, आणि बॉम्बर विमानं.

जमिनीवर आहे मिनिटमन-३. हे क्षेपणास्त्र १९७० साली तैनात झालं आणि तेव्हा ते दहा एक वर्षं चालावं अशा हिशेबाने बनवलेलं होतं. आज अशी ४०० उभी आहेत, ४५० सायलोंमध्ये, म्हणजे जमिनीत खणलेल्या काँक्रीटच्या खोल विहिरींत (५० सायलो मुद्दाम रिकामे ठेवलेत), तीन तळांच्या अखत्यारीत: मोंटानातला माल्मस्ट्रॉम, नॉर्थ डकोटातला मायनॉट आणि वायोमिंगमधला एफ. ई. वॉरन. पूर्वी एकावर तीन वॉरहेड्स असायची, आता एकच असतं, ३०० किंवा ३३५ किलोटनचं. हिरोशिमाचा बॉम्ब साधारण १५ किलोटनचा होता, यावरून अंदाज घ्या. दर दहा क्षेपणास्त्रांमागे जमिनीखाली एक नियंत्रण कक्ष, आत दोन तरुण अधिकारी, चोवीस तास पाळी. तिथली संदेश यंत्रणा २०१९ पर्यंत आठ इंची फ्लॉपी डिस्कवर चालत होती.

याच्या जागी सेंटिनेल नावाचं नवं क्षेपणास्त्र आणायचंय. सप्टेंबर २०२० मध्ये नॉर्थ्रॉप ग्रमनला १३.३ अब्ज डॉलरचं विकासाचं कंत्राट मिळालं, बोइंग आधीच २०१९ ला शर्यतीतून बाहेर पडली होती, म्हणजे स्पर्धा शिल्लकच नव्हती. तेव्हा पूर्ण कार्यक्रमाचा अंदाज ७७.७ अब्ज होता. जानेवारी २०२४ मध्ये हवाई दलाने संसदेला कळवलं की कायद्याने घातलेली खर्चवाढीची मर्यादा ओलांडली, आणि जुलै २०२४ मध्ये पेंटॅगॉनने नवा अंदाज दिला, १४०.९ अब्ज डॉलर. ८१ टक्के वाढ! आणि वेळापत्रक काही वर्षांनी पुढे. महत्त्वाचं म्हणजे ही वाढ मुख्यतः रॉकेटमुळे झालेली नाही, ती झालीय सायलो, नियंत्रण कक्ष आणि त्यांना जोडणाऱ्या हजारो मैल केबलमुळे. आधीचा बेत असा की जुने सायलो डागडुजी करून वापरू. जुना वाडा दुरुस्तीला काढला की भिंत उकरल्यावर काय काय निघतं ते आपल्याला माहितीये, तसंच झालं, आणि २०२५ मध्ये हवाई दलाने सांगितलं की बरेचसे सायलो नव्यानेच खणावे लागतील. तोपर्यंत मिनिटमन कदाचित २०५० पर्यंत ओढावं लागेल असं त्यांच्याच सरकारी लेखापरीक्षकांच्या २०२५ च्या अहवालात आहे. म्हणजे ८० वर्षं!

समुद्रात ओहायो वर्गाच्या १४ पाणबुड्या, पैकी ८ वॉशिंग्टन राज्यात बँगरला आणि ६ जॉर्जियात किंग्ज बेला. प्रत्येकीत ट्रायडंट-२ क्षेपणास्त्रांच्या २० नळ्या. तैनात वॉरहेड्सपैकी सर्वांत मोठा वाटा इथेच आहे, आणि खोल समुद्रात कुठे आहे हे कोणालाच माहीत नसल्याने सर्वांत सुरक्षितही हीच. यांच्या जागी कोलंबिया वर्गाच्या १२ पाणबुड्या येणार.

आकाशात बी-५२, ज्यातलं शेवटचं विमान १९६२ साली कारखान्यातून बाहेर पडलं आणि ज्याला आता रोल्स रॉइसची नवीन इंजिनं लावून २०५० च्या पुढे उडवायचा बेत आहे. शिवाय बी-२, २१ बनली होती त्यातली १९ उरली. नवीन बी-२१ रेडरचं पहिलं उड्डाण १० नोव्हेंबर २०२३ ला झालं, किमान १०० घ्यायचीत. त्यातल्या त्यात हाच एक कार्यक्रम बऱ्यापैकी वेळेवर चाललेला दिसतो.

सगळ्याचा मिळून खर्च? काँग्रेसच्या बजेट ऑफिसचा एप्रिल २०२५ चा अंदाज, २०२५ ते २०३४ या दहा वर्षांत ९४६ अब्ज डॉलर.

वॉरहेडच्या आतल्या भागाबद्दल, म्हणजे प्लुटोनियमबद्दल प्रतिसादात लिहितो, नाहीतर हेच फार लांबेल.

निशिगंध

छान माहिती, वाचतेय. एक बेसिक शंका. अमेरिका आता अणुचाचण्या करत नाही ना? मग चाळीस वर्षं कोठारात पडलेला बॉम्ब फुटेल की नाही हे त्यांना कसं कळतं? आणि जुनं झालं म्हणजे त्यात नक्की जुनं काय होतं, धातू तर धातूच राहणार ना?

शमीवृक्ष

@निशिगंध, शेवटची अमेरिकन चाचणी २३ सप्टेंबर १९९२ ला नेवाडात झाली, एकूण १,०५४ केल्या त्यांनी. नंतर १९९६ ला सर्वंकष चाचणीबंदी करारावर सही केली पण १९९९ ला सिनेटने तो फेटाळला, म्हणजे कायद्याने बांधलेले नाहीत तरी तेव्हापासून स्फोट केलेला नाही. त्याऐवजी प्रयोगशाळेत तपासतात. दरवर्षी साठ्यातली काही वॉरहेड्स उघडून भाग न भाग बघतात, नेवाडात जमिनीखालच्या बोगद्यात प्लुटोनियमवर साखळी प्रक्रिया सुरू होणार नाही इतपतच प्रयोग करतात, आणि बाकी सगळं महासंगणकावर. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर अण्वस्त्र प्रयोगशाळेचा एल कॅपिटन नोव्हेंबर २०२४ ला जगातला सर्वांत वेगवान संगणक ठरला, तो प्रामुख्याने याच कामासाठी आहे. तिथेच डिसेंबर २०२२ मध्ये लेझरने फ्यूजन (अणू एकत्र जुळवून ऊर्जा) पेटवलं, आपल्याकडे सगळ्या बातम्या स्वच्छ ऊर्जेच्या आल्या पण त्या यंत्राचं पहिलं काम अण्वस्त्रांचा अभ्यास हेच आहे. तीन प्रयोगशाळांचे संचालक दरवर्षी लेखी कळवतात की साठा भरवशाचा आहे आणि चाचणीची गरज नाही.

जुनं काय होतं म्हणाल तर भरपूर काही. स्फोटाचा जोर वाढवणारा ट्रिटियम वायू दर बारा-साडेबारा वर्षांनी निम्मा होतो, तो भरत राहावा लागतो. प्लॅस्टिक, गोंद, रबराच्या कड्या, इलेक्ट्रॉनिक्स, रासायनिक स्फोटक हे सगळं वयाने बदलतं. आणि प्लुटोनियम, ते तर स्वतःच्याच किरणोत्सर्गाने आतून हळूहळू बदलत राहतं, त्याच्यात हेलियम साठतो. त्याचा पोकळ गोळा असतो, त्याला पिट म्हणतात, भोवतालच्या स्फोटकाने तो एकदम दाबला की पहिला अणुस्फोट होतो आणि त्याच्या जोरावर दुसरा मोठा. हा पिट किती वर्षं टिकतो यावर सगळं भांडण आहे. २००६ साली जेसन या स्वतंत्र वैज्ञानिकांच्या गटाने सांगितलं की बहुतेक प्रकारचे पिट किमान शंभर वर्षं तरी टिकतील. आता साठ्यातले बहुतेक पिट १९८० च्या आसपासचे. मग घाई कशाला, हा प्रश्न तिथलेच शास्त्रज्ञ विचारतायत.

आडवाट

मी डेन्व्हरच्या उत्तरेला ब्रूमफील्डला राहतो म्हणून लिहितोय. पिटचा विषय निघाला की आमच्याकडे रॉकी फ्लॅट्सचं नाव येतंच. शीतयुद्धात अमेरिकेचे जवळजवळ सगळे पिट इथेच बनायचे, १९५२ पासून, वर्षाला हजाराच्या घरात आणि कधी त्याहून जास्त. १९५७ आणि १९६९ ला प्लुटोनियमच्या आगी लागल्या, बाहेर माती दूषित झाली, आणि ६ जून १९८९ ला एफबीआयने चक्क आपल्याच सरकारच्या अण्वस्त्र कारखान्यावर धाड घातली, पर्यावरणाचे कायदे मोडल्याबद्दल. चालवणाऱ्या रॉकवेल कंपनीने १९९२ ला गुन्हा कबूल करून १८.५ दशलक्ष डॉलर दंड भरला. पिट बनवणं तिथे थांबलं ते कायमचं. साफसफाईला दहा वर्षं आणि सात अब्ज डॉलरच्या आसपास लागले. आता तिथे अभयारण्य आहे, २०१८ पासून पायवाटा लोकांना खुल्या आहेत, मधला कारखान्याचा भाग मात्र अजून बंद. आमच्या मराठी ग्रुपमधले काहीजण तिथे सायकल चालवायला जातात, काहीजण मुलांना घेऊन अजिबात पाय ठेवत नाहीत. दोघांचंही मला समजतं.

आणि सायलोंचं म्हणाल तर ते काही कुठल्या गुप्त वाळवंटात नाहीयेत. वॉरन तळाचे सायलो वायोमिंग, नेब्रास्का आणि आमच्या कोलोराडोच्या ईशान्य कोपऱ्यात पसरलेत. गव्हाच्या शेतात मध्येच एखाद-दीड एकराचा तारेचं कुंपण घातलेला तुकडा, आत काँक्रीटचं सपाट झाकण, दोनचार खांब, एक पाटी. त्या झाकणाचं वजन शंभर टनांच्या वर. शेजारून गाडी गेली तरी लक्षात येणार नाही की खाली काय उभं आहे. शेतकरी त्याच्या कडेकडेने कंबाइन फिरवतो. माझ्या मनात दरवेळी तेच येतं की समोरच्या देशाच्या नकाशावर या शेताचा अक्षांश-रेखांश कोणीतरी नोंदवून ठेवलेला असणार.

मुळामुठा

शमीवृक्ष, माहिती चांगली आहे पण निष्कर्ष अजिबात पटला नाही. जमिनीवरची क्षेपणास्त्रं काढून टाकली तर अमेरिकेवर पहिला वार करायला शत्रूला किती ठिकाणं उडवावी लागतील? पाणबुड्यांचे दोन तळ, बॉम्बरचे दोनचार तळ, राजधानी वॉशिंग्टन आणि ओमाहाचं अण्वस्त्र दलांचं मुख्यालय. दहाच्या आत! आज त्याला ४५० सायलो आणि ४५ नियंत्रण कक्षही उडवावे लागतात, आणि एकेका सायलोवर दोन वॉरहेड्स धरली तर त्याच्या तैनात वॉरहेड्सपैकी अर्धीअधिक तिथेच संपतात. हाच तर उपयोग आहे त्यांचा. आणि समुद्रात बसलेलं सगळं कायम लपून राहील याची हमी कोण देणार, उद्या सेन्सर आणि ड्रोन इतके सुधारले की पाणबुडी दिसायला लागली तर काय करायचं?

दुसरं म्हणजे चीन. २०२१ मध्ये युमेन, हामी आणि ओर्डोसला उपग्रहांच्या फोटोत तीनशेच्या वर नवे सायलो खणलेले दिसले, आणि पेंटॅगॉनच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे चीनकडे सहाशेच्या वर वॉरहेड्स झालीयेत, २०३० पर्यंत हजार. ट्रायड रशिया एकटा समोर होता तेव्हा ठरलेला आहे, आता दोघे समोर आहेत. अशा वेळी एक पाय कापा म्हणणं मला धोक्याचं वाटतं. जेम्स मॅटिस यांनी २०१५ ला सिनेटसमोर हाच प्रश्न विचारला होता की जमिनीवरची क्षेपणास्त्रं काढायची वेळ आलीय का, आणि संरक्षणमंत्री झाल्यावर सगळा अभ्यास करून तेच म्हणाले की ट्रायड हवा.

शमीवृक्ष

@मुळामुठा, तुमचा मुद्दा प्रामाणिक आहे आणि त्याच बाजूने अनेक अभ्यासू लोक आहेत. पण त्याचा अर्थ नीट बघा. सायलो जागचे हलत नाहीत, सगळ्या जगाला ते कुठे आहेत माहीत आहे, म्हणजे हल्ला येतोय असं रडारवर दिसलं की अध्यक्षांपुढे एकच प्रश्न राहतो, ती क्षेपणास्त्रं पोचायच्या आत आपली सोडायची की गमवायची. रशियातून अर्धा तास लागतो, त्यातून खात्री करणं, फोन जोडणं, समजावून सांगणं हे वजा केलं की अध्यक्षांच्या हातात काही मिनिटं उरतात. एकदा सुटलेलं क्षेपणास्त्र परत बोलावता येत नाही. पाणबुडीबाबत ही घाईच नाही, ती दुसऱ्या दिवशीही उत्तर देऊ शकते.

आणि खोट्या सूचना आलेल्या आहेत हो. ९ नोव्हेंबर १९७९ ला सरावासाठीची टेप खऱ्या यंत्रणेत चालू झाली आणि पडद्यावर सोव्हिएत हल्ला दिसायला लागला. ३ जून १९८० ला पुन्हा तसंच, आणि कारण निघालं ४६ सेंटची एक चिप. दोन्ही वेळा माणसांनी डोकं शांत ठेवलं, उपग्रह आणि दुसऱ्या रडारशी ताडून बघितलं. विल्यम पेरी, जे स्वतः नंतर संरक्षणमंत्री होते, त्यांना त्या काळात असा रात्रीचा फोन आला होता आणि त्यांनी पुढे उघडपणे लिहिलं की आयसीबीएम काढून टाका. तो माणूस काही भाबडा शांततावादी नाही, रडारला न दिसणाऱ्या स्टेल्थ विमानांमागे तोच होता.

तुम्ही म्हणता शत्रूची वॉरहेड्स सायलोंवर खर्च होतील. बरोबर आहे, आणि ती पडणार कुठे तर मोंटाना, डकोटा, नेब्रास्कात, जमिनीलगतचे स्फोट, ज्यांची किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर पूर्वेकडे अर्ध्या देशावर जाईल. आडवाट यांच्या त्या गव्हाच्या शेताला हे काम दिलंय आपण, वार झेलायचं. मला हे बरोबर वाटत नाही.

काजवा

मी रोह्याला केमिकल प्लांटमध्ये उत्पादन विभागात नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे युद्धनीतीत मला गती नाही, पण कसब हातातून गेलं हे जे धाग्यात लिहिलंय त्यावर एक उदाहरण सांगितलंच पाहिजे. फॉगबँक. ट्रायडंटवरच्या डब्ल्यू-७६ वॉरहेडमध्ये या सांकेतिक नावाचा एक पदार्थ असतो, तो नक्की काय ते आजही गुप्त आहे. १९८९ पर्यंत तो टेनेसीत ओक रिजच्या वाय-१२ कारखान्यात बनायचा, मग तो प्लांट बंद केला. पुढे ही वॉरहेड्स दुरुस्त करून आयुष्य वाढवायचं ठरलं तेव्हा पुन्हा बनवायला गेले तर जमेचना. नोंदी अपुऱ्या, जाणकार लोक निवृत्त झालेले किंवा नोकरी सोडून गेलेले. हे त्यांच्या सरकारी लेखापरीक्षकांनी मार्च २००९ मध्ये जाहीर छापलंय. नवा प्लांट बांधला, प्रक्रिया जुन्यासारखी बसवली, तरी माल जुन्यासारखा येईना. शेवटी उलगडा असा झाला की पूर्वीच्या कच्च्या मालात एक अशुद्धी असायची, आणि तयार मालाचा गुण त्या अशुद्धीमुळे येत होता. नव्या प्रक्रियेत माल जास्त चांगला धुतला जात होता त्यामुळे ती निघून जायची. त्या काळच्या लोकांनाही हे माहीत नव्हतं, म्हणून कुठे लिहिलेलंच नव्हतं!

आम्ही लोकांनी हे छोट्या प्रमाणात दरवर्षी बघितलंय. कच्च्या मालाचा पुरवठादार बदलला, त्याचा माल जास्त शुद्ध, कागदावर सगळं उत्तम, आणि बॅच फेल. मग जुना ऑपरेटर येऊन सांगणार की साहेब, ते आधीचं जरा पिवळट असायचं. हा ऑपरेटर निवृत्त झाला की ती गोष्ट गेली. म्हणून मला वाटतं की चालू प्लांट पूर्ण बंद करणं आणि वीस वर्षांनी पुन्हा सुरू करणं यात जो खरा खर्च असतो तो कोणीच धरत नाही. पिटचं तसंच होणार, बघा तुम्ही.

निशिगंध

काजवाकाका, हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे इतक्या भयंकर वस्तूचा गुण एका नकळत राहिलेल्या अशुद्धीवर. पिटचं पुढे काय झालं मग, १९८९ नंतर कुठे बनले?

शमीवृक्ष

काजवाकाका, अप्रतिम प्रतिसाद, धाग्याला यायलाच हवा होता तो. पिटचं थोडक्यात सांगतो. रॉकी फ्लॅट्सनंतर न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेने २००७ ते २०११ मध्ये डब्ल्यू-८८ या वॉरहेडसाठी तीसेक बनवले, एवढंच. मग कायदा केला की २०३० पर्यंत वर्षाला ८० बनले पाहिजेत, ३० लॉस अलामॉसला आणि ५० साउथ कॅरोलिनात सव्हाना रिव्हरला. सव्हाना रिव्हरची इमारत ही आधी दुसऱ्याच प्रकल्पासाठी बांधत होते, शस्त्रांचं प्लुटोनियम अणुभट्टीचं इंधन करून संपवायचा प्रकल्प, तो अब्जावधी डॉलर घालून २०१८ ला सोडून दिला. संपवण्यासाठी बांधलेल्या इमारतीत आता बनवणार. २०३० ची मुदत जमणार नाही हे तिथल्या खात्याने केव्हाच मान्य केलंय, सव्हाना रिव्हर २०३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत गेलंय. लॉस अलामॉसला ऑक्टोबर २०२४ मध्ये साठ्यात घेण्यायोग्य असा पहिला नवा पिट तयार झाला, डब्ल्यू८७-१ साठी.

आणि ते वॉरहेड कशावर बसणार? सेंटिनेलवर. म्हणून मी म्हणतो की जमिनीवरचं क्षेपणास्त्र रद्द केलं तर पिटची घाईही बरीचशी आपोआप कमी होते. सप्टेंबर २०२४ ला साउथ कॅरोलिनातल्या संघीय न्यायालयाने सांगितलं की दोन ठिकाणी पिट बनवायचं ठरवताना पर्यावरणाचा कायदा नीट पाळलेला नाही, पर्यायांचा विचार केला नाही. रॉकी फ्लॅट्सनंतर तरी हे व्हायला नको होतं.

मुळामुठा

कसब जाण्याचा मुद्दा मान्य, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. कसब जातंय म्हणूनच आत्ता बनवायला सुरुवात करायला हवी, आणखी वीस वर्षं थांबलात तर जे काही थोडे लोक शिकतायत तेही जातील. काजवाकाकांचं म्हणणं मी तरी असंच वाचलं.

आणि पाणबुड्यांवर सगळी भिस्त ठेवणार असाल तर कोलंबियाची अवस्था बघा. पहिली बोट, डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया, एक वर्षाच्या वर उशिरा चाललीय हे नौदलाने एप्रिल २०२४ ला मान्य केलं, बोटीचा नाकाकडचा भाग वेळेवर आला नाही, टर्बाइन जनरेटर वेळेवर आले नाहीत. ओहायो वर्गाच्या या १४ बोटींतली सर्वांत जुनी १९८४ ची आहे आणि ३० वर्षांचं आयुष्य आधीच ४२ वर्षांवर नेलंय. त्या बोटीच्या शरीराने हजारो वेळा दाब सोसलाय. तिथेही वेल्डर मिळत नाहीत, अमेरिकेत या दर्जाची पाणबुडी बांधणारी दोनच गोदी उरलीत. समुद्रातला पाय लंगडत असताना जमिनीवरचा काढायचा?

आडवाट

मुळामुठा, उशिराचं खरंय. पण कोलंबियाला उशीर होण्याचं एक कारण हेही आहे ना की सगळं एकाच दशकात काढलंय. एकच कंपनी, नॉर्थ्रॉप, सेंटिनेल करतेय, तीच बी-२१ करतेय, कोलंबियाचे ते उशीर झालेले टर्बाइनही तिचेच. इंजिनिअर, वेल्डर, काँक्रीटची माणसं, सगळी त्याच बाजारातून येणार.

इकडे नेब्रास्कात किंबल म्हणून गाव आहे, आमच्यापासून फार लांब नाही, सगळा मिळून अडीच हजारांच्या आतबाहेर वस्ती. तिथे सेंटिनेलच्या बांधकामासाठी जवळजवळ तेवढ्याच कामगारांची वसाहत उभारायचा बेत आहे. गावात कोणाला विचारलं तर दोन्ही ऐकायला मिळतं, दुकानं चालतील, शाळा टिकेल, आणि दुसरीकडे पाणी, रस्ते, दवाखाना कसा पुरणार. मोंटाना, नॉर्थ डकोटा, वायोमिंग, युटा या राज्यांचे सिनेटर एकत्र येऊन या कार्यक्रमाची बाजू धरतात ती याच कारणाने, तळ गेला तर त्या भागात दुसरं काहीच नाही. हा विचार मी हलक्यात घेत नाही, पण त्याचं उत्तर अण्वस्त्र असू नये असं वाटतं.

आणखी एक, माल्मस्ट्रॉमला काम केलेल्या अधिकाऱ्यांमध्ये रक्ताच्या कर्करोगाची प्रकरणं समोर आली म्हणून २०२३ पासून हवाई दल मोठा अभ्यास करतंय. काही कक्षांमध्ये पीसीबी हे घातक रसायन मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. बावीस-पंचवीसची पोरं असतात ती. नूतनीकरणाच्या चर्चेत त्या बंद कक्षांच्या हवेबद्दल कोणी बोलत नाही.

एक वाचक

अवांतर होईल कदाचित, पण भारताशी याचा संबंध आहे म्हणून लिहितो. आपणही १९९८ नंतर चाचणी केलेली नाही. २००९ मध्ये शास्त्रज्ञ के. संथानम यांनी पोखरणच्या थर्मोन्यूक्लिअर (हायड्रोजन बॉम्बच्या) चाचणीबद्दल जाहीर शंका घेतली आणि सरकारने ती खोडून काढली, तो वाद आठवत असेल. अमेरिकेकडे हजारभर चाचण्यांचा डेटा असून त्यांना एवढे महासंगणक लागतात. ३० ऑक्टोबर २०२५ ला ट्रम्प यांनी पुन्हा चाचण्या सुरू करण्याची भाषा केली, मग त्यांच्या ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं की स्फोट होणार नाहीत. समजा अमेरिकेने खरंच एक चाचणी केली तर रशिया, चीन दुसऱ्या दिवशी करतील, आणि मग आपल्याकडेही मागणी होईल. याचा फायदा सर्वांत जास्त चीनला, कारण त्याने फक्त ४५ केल्यात, त्याला डेटा हवाय. अमेरिकेने स्वतःची सर्वांत मोठी आघाडी अशी फुकट देऊ नये.

निशिगंध

एक वाचक, +१. माझा शेवटचा प्रश्न. अण्वस्त्रांच्या संख्येवर मर्यादा घालणारा रशियाबरोबरचा न्यू स्टार्ट करार संपला ना? मग आता अमेरिका हे आकडे वाढवू शकते का, आणि किती लवकर?

शमीवृक्ष

हो. तो ५ फेब्रुवारी २०११ ला लागू झाला, २०२१ ला पाच वर्षं वाढवला, ५ फेब्रुवारी २०२६ ही शेवटची तारीख आणि आणखी वाढवायची सोय करारातच नव्हती. तैनात वॉरहेड्स १,५५० (मोजताना प्रत्येक बॉम्बरमागे एकच धरत, म्हणून वरच्या सतराशेपेक्षा कमी) आणि तैनात क्षेपणास्त्रं-बॉम्बर ७०० अशी मर्यादा होती. माझ्या मते मर्यादेपेक्षाही मोठं नुकसान पाहणीचं आहे, वर्षाला १८ वेळा एकमेकांच्या तळांवर जाऊन मोजायचा हक्क होता. त्या पाहण्या मार्च २०२० मध्ये कोविडमुळे थांबल्या त्या पुन्हा सुरूच झाल्या नाहीत, आणि फेब्रुवारी २०२३ ला रशियाने सहभाग स्थगित केला. आता दोघेही एकमेकांकडे फक्त उपग्रहातून बघणार, आणि उपग्रहाला क्षेपणास्त्राच्या टोपणाखाली एक वॉरहेड आहे की तीन हे दिसत नाही.

वाढवायला नवीन काहीही बनवावं लागत नाही, मुळामुठा यांनीही हे लक्षात घ्यावं. कोठारात जवळजवळ दोन हजार राखीव वॉरहेड्स आहेतच. बॉम्बरवर काही दिवसा-आठवड्यांत चढवता येतात. करारामुळे प्रत्येक ओहायो पाणबुडीच्या चार नळ्या बंद केल्या होत्या, १४ बोटी म्हणजे ५६ नळ्या, त्या पुन्हा उघडता येतात आणि आहेत त्या क्षेपणास्त्रांवर जास्त वॉरहेड्स बसवता येतात, त्याला काही महिने. मिनिटमनच्या काही क्षेपणास्त्रांवर पुन्हा तीन-तीन बसवणं आणि ते ५० रिकामे सायलो भरणं हे सर्वांत सावकाश, त्याला वर्षं लागतील. म्हणजे चीनला उत्तर म्हणून आकडा वाढवायचाच ठरला तरी सर्वांत उशिरा आणि सर्वांत महाग पडणारा मार्ग जमिनीवरचाच आहे.

मुळामुठा

राखीव साठ्याचं गणित मान्य. पण जास्त वॉरहेड्स थोड्या बोटींवर कोंबली तर एक बोट गेली की किती जातात तेही मोजा. कोलंबियात तर नळ्या १६ च आहेत आणि बोटी १२. १४ गुणिले २० म्हणजे २८०, आणि १२ गुणिले १६ म्हणजे १९२. समुद्रातला पाय नूतनीकरणानंतर लहानच होणार आहे, त्यामुळे सेंटिनेल रद्द करायच्या आधी निदान कोलंबियाच्या आणखी दोनतीन बोटी मंजूर करा असं तरी तुम्ही म्हणायला हवं.

शमीवृक्ष

म्हणतो ना. सेंटिनेलच्या १४१ अब्जांतल्या थोड्या पैशात त्या होतील, कारण बाराही बोटींचा पूर्ण कार्यक्रम साधारण १३० अब्जांचा आहे. गोदीत माणसं मिळाली तर.